मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकार धोरण (भारत)

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकार धोरण हे शासकीय संगणकीय प्रणालींमध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे भारत सरकारचे धोरण आहे. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान विभागाने ते मार्च २०१५ मध्ये जाहीर केले. केंद्र शासनाच्या सर्व संस्थांवर ते बंधनकारक आहे. राज्यांना मात्र ते स्वीकारण्याची मुभा आहे.

पार्श्वभूमी

ज्या सॉफ्टवेअरचा स्रोत संकेत अभ्यासता, बदलता व मूळ किंवा सुधारित रूपात इतरांना देता येतो आणि ज्यावर स्वामित्वशुल्क लागत नाही, त्याला या धोरणात मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हटले आहे. 'मुक्त' म्हणजे 'फुकट' नव्हे. उभारणी, प्रशिक्षण व देखभाल यांचा खर्च राहतोच.

भारत सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण स्वीकारले होते. अशा मानकांची गरज मराठी कार्यालयांना परिचित आहे. युनिकोडपूर्व काळात कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या टंकांत तयार केलेला मजकूर, तोच टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसत असे. त्यामुळे दस्तऐवज शासनाचा असूनही तो वाचण्यासाठी विशिष्ट उत्पादनावर अवलंबून राहावे लागे.

उद्दिष्टे व तरतुदी

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या जलद व परिणामकारक स्वीकारासाठी चौकट देणे, ई-प्रशासन प्रणालींवर दीर्घकालीन नियंत्रण राखणे आणि एकूण खर्च कमी करणे ही धोरणाची उद्दिष्टे आहेत. नवीन प्रणालींना तसेच जुन्या प्रणालींच्या नव्या आवृत्त्यांना ते लागू होते.

प्रस्ताव मागवताना मुक्त स्रोत पर्यायाला प्राधान्य देणारे कलम घालणे आवश्यक आहे. हा पर्याय वगळणाऱ्या पुरवठादाराने त्याची कारणे द्यावी लागतात. त्यानंतर क्षमता, नियंत्रण, विस्तारक्षमता, सुरक्षितता, संपूर्ण कालावधीतील खर्च व साहाय्याची गरज या निकषांवर दोन्ही पर्यायांची तुलना करून निर्णय घेतला जातो.

अपवाद

आवश्यक कामे करू शकणारे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर उपलब्ध नसल्यास, तातडीची किंवा सामरिक गरज असल्यास, अथवा संबंधित तंत्रज्ञानातील कौशल्याचा अभाव असल्यास पुरेशा समर्थनासह सवलत मिळू शकते. यांतील शेवटचा निकष तंत्रज्ञांची वानवा असलेल्या दुर्गम भागांसाठी विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण प्रशिक्षणाची सोय न झाल्यास तेथे अपवादच नियम होऊ शकतो.

अंमलबजावणी

शासकीय प्रणालींचे स्रोत संकेत खुले करून विविध विभागांना त्यांवर एकत्रित काम करता यावे, यासाठी २०१५ मध्येच स्वतंत्र धोरण आखण्यात आले. त्याला अनुसरून 'ओपनफोर्ज' हे संकेतस्थळ उभारण्यात आले. प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) डेबियनवर आधारित 'बॉस' ही कार्यप्रणाली भारतीय भाषांच्या सोयीसह विकसित केली. 'आरोग्य सेतू' उपयोजनाचा स्रोत संकेत मे २०२० मध्ये खुला करण्यात आला. महाराष्ट्रातील शाळांत वापरले जाणारे 'दीक्षा' व्यासपीठ 'सनबर्ड' या मुक्त स्रोत प्रणालीवर उभे आहे. राज्यांपैकी केरळने शासकीय शाळांत मुक्त स्रोत सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर रुजवले.

तालुका पातळीवरील व्याप्ती

धोरणाची व्याप्ती कार्यालय कोणत्या शासनाच्या अखत्यारीत आहे यावर ठरते. उदाहरणार्थ, गोंदिया जिल्ह्यातील देवरी या छत्तीसगढ सीमेजवळील आदिवासी तालुक्यात टपाल कार्यालय केंद्राच्या अखत्यारीत येते. तहसील कार्यालय, पंचायत समिती, नगरपंचायत व एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यांच्याबाबत मात्र राज्याचा निर्णय लागतो. ग्रामपंचायतींत वापरली जाणारी 'ई-ग्रामस्वराज' ही प्रणाली केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाची असून ती एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. त्यामुळे एकाच गावातील दप्तराच्या प्रणाली वेगवेगळ्या नियमांखाली निवडल्या जाऊ शकतात.

या भागात मराठीबरोबर गोंडीही बोलली जाते. मसराम गोंडी लिपीचा समावेश युनिकोडमध्ये २०१७ साली, तर गुंजाळा गोंडी लिपीचा २०१८ साली झाला. दोन्ही लिपींसाठी 'नोटो' संचातील मुक्त परवान्याचे टंक उपलब्ध आहेत. स्रोत संकेत खुला असलेल्या प्रणालीत मूळ निर्मात्याच्या परवानगीवाचून अशी भाषा जोडता येते. बंदिस्त प्रणालीत तो निर्णय कंपनीच्या हाती राहतो.

हेही पहा

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर
ई-प्रशासन
युनिकोड
देवरी