'बॉयकॉट' शब्द आला कुठून?

'बॉयकॉट' हे मुळात एका माणसाचे आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी खंड कमी करा म्हटले, तेव्हा त्याने त्यांना जमिनीवरून हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या. लँड लीगच्या हाकेवरून गड्यांनी त्याचे काम सोडले, दुकानदारांनी माल बंद केला. वर्षअखेरीस तो आयर्लंड सोडून गेला. नाव मात्र इंग्रजीत क्रियापद होऊन राहिले.

मराठीत आपण याला 'बहिष्कार' म्हणतो. पण तिथे कुळांनी कारभाऱ्यावर टाकला, आपल्या गावांत सवर्णांनी तो आपल्यावर टाकला: पाणी, मजुरी, किराणा बंद. बाबासाहेबांनी १९२७ साली पाक्षिकाचे नावच 'बहिष्कृत भारत' ठेवले.

म्हणून आम्ही आधी विचारतो, बहिष्कार कोणाचा आणि कोणावर? १९५५ साली अमेरिकेत माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी भेदभावाविरुद्ध बसवर टाकलेला बहिष्कार ३८१ दिवस चालला. तो हक्कांचा लढा होता. गावाने कुटुंब वाळीत टाकणे हा मात्र महाराष्ट्रात २०१७ पासून लागू असलेल्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. असे घडले तर गप्प बसू नका. पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करा.