दमा असलेले कामगार व महासाथीतील मास्क

दमा असलेले कामगार व महासाथीतील मास्क : श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाची साथ चालू असताना दमा असलेल्या कामगाराने कामावर मास्क लावावा की नाही, हा व्यवसाय-आरोग्यशास्त्रातला प्रश्न. कोविड-१९च्या काळात (२०२०–२३) तो रुग्णालये, कारखाने, बसआगारे आणि दुकाने अशा सगळ्याच ठिकाणी एकदम उभा राहिला. वैद्यकीय संस्थांचे उत्तर बहुतांशी एकच आहे : दमा आटोक्यात असेल तर मास्क लावावा, मास्कमुळे दमा बळावतो याला पुरावा नाही. ज्यांचा दमा तीव्र किंवा बेभरवशाचा आहे, त्यांना मास्कमधून सूट देण्यापेक्षा धोक्याच्या कामातून सूट देणे योग्य. प्रत्यक्ष नियम करताना मात्र या दोन सवलतींमधला फरक बहुतेक सरकारांनी आणि मालकांनी पाळला नाही.

दम्यात श्वासनलिकांना आतून कायमची सूज असते. धूळ, परागकण, धूर, थंड हवा, रसायनांची वाफ, इतकेच काय साधी सर्दी झाली तरी त्या आकसतात, चिकट कफ साचतो आणि श्वास सोडताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९मध्ये जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षी सुमारे ४ लाख ५५ हजार लोक त्याने दगावले. भारतातल्या रुग्णांची संख्या तीन कोटींच्या वर धरली जाते. त्यांतले पुष्कळ जण कमावत्या वयाचे असतात आणि नोकरी जाईल या धास्तीने आजार लपवतात. त्यात ‘पंप’ (इन्हेलर) सुरू झाला म्हणजे आजार हाताबाहेर गेला, एकदा लागला की सुटत नाही, हा समज आपल्याकडे पक्का बसलेला आहे. रोज घ्यायचे, सूज कमी करणारे स्टेरॉइडचे औषध टाळायचे आणि धाप लागली की तेवढ्यापुरता पंप मारायचा, असे करणारे रुग्ण कोणत्याही छातीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात रोज दिसतात. मास्क लावला की गुदमरतो, ही तक्रार ऐकली की पहिली चौकशी या औषधाची करायला हवी.

मास्कमुळे श्वासाला अडथळा होतो हे खरे. प्रश्न तो किती, एवढाच आहे. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेने १९९५मध्ये लागू केलेल्या नियमावलीनुसार एन-९५ मास्कमधून मिनिटाला ८५ लिटर हवा ओढली असता श्वास घेतानाचा विरोध पाण्याच्या ३५ मिलिमीटर उंचीच्या दाबापेक्षा आणि सोडतानाचा २५ मिलिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. बाजारातल्या चांगल्या मास्कचा विरोध याहून बराच कमी भरतो, आणि स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटरच हवा घेतो. शस्त्रक्रियेचा तीन पदरी मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नसल्याने त्याचा विरोध आणखी कमी असतो. कार्बन डाय-ऑक्साइड आत कोंडतो, ही समाजमाध्यमांवर सर्वाधिक फिरलेली भीती. या वायूचा रेणू मास्कच्या धाग्यांमधल्या फटींच्या मानाने इतका सूक्ष्म असतो की तो अडण्याचा प्रश्नच येत नाही. घट्ट मास्कच्या आतल्या पोकळीत उच्छ्वासाची थोडी हवा राहते आणि पुढच्या श्वासाबरोबर परत आत जाते, तेवढीच त्या भीतीत तथ्याची मात्रा. मिशिगन विद्यापीठाच्या ॲलर्जी चिकित्सालयात २०२०मध्ये दोनशेहून अधिक रुग्णांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहिले गेले. दमा असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही गटांत, मास्क लावलेला असताना, रक्तातल्या ऑक्सिजनचे सरासरी प्रमाण ९८ टक्केच भरले. ही तपासणी बसलेल्या रुग्णांची होती. पोती वाहणाऱ्या हमालाला किंवा भट्टीपुढे उभ्या असलेल्या कामगाराला ती जशीच्या तशी लागू करता येत नाही, आणि मास्कची बाजू मांडणाऱ्यांनी ही गोष्ट अनेकदा सोयीस्करपणे गाळली.

आकडे ठीक असले तरी तक्रार खोटी ठरत नाही. ओठ आणि नाकाभोवतीच्या त्वचेला हवेचा गारवा जाणवतो. मास्कखाली तिथे उष्ण, दमट हवा साचते आणि मेंदू त्याचा अर्थ ‘हवा कमी पडते’ असा लावतो. ज्याने एकदा दम्याचा मोठा झटका अनुभवला आहे, त्याला ही जाणीव लगेच घाबरवते. घाबरल्याने श्वास जलद होतो आणि धाप वाढते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घामाने भिजलेला मास्क तोंडाला चिकटतो, त्या वेळी विरोधही खरोखरच वाढतो. म्हणून कोरडा मास्क खिशात ठेवणे आणि तो पाळीच्या मध्येच बदलू देणे याला महत्त्व आहे. उलट थंड, कोरड्या हवेत मास्क दमेकऱ्याच्या फायद्याचा ठरतो, कारण आत जाणारी हवा थोडी उबदार आणि ओलसर होते. इस्रायलमधल्या परिचारिकांच्या एका पाहणीत तर मास्कच्या काळात ॲलर्जीच्या सर्दीची लक्षणे कमी झालेली आढळली.

दमेकऱ्याला कोविडचा धोका किती, याविषयीचे मत साथीच्या पहिल्या काही महिन्यांतच बदलले. सुरुवातीला दमा म्हणजे मोठी जोखीम असे सरसकट मानले गेले. इंग्लंडमधल्या सुमारे १ कोटी ७० लाख प्रौढांच्या नोंदींवर आधारलेल्या ‘ओपनसेफली’ अभ्यासात (२०२०) वेगळे चित्र दिसले : ज्यांना अलीकडे तोंडावाटे स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या होत्या, म्हणजे ज्यांचा दमा बिघडलेला होता, त्यांच्यातच मृत्यूचा धोका थोडा वाढलेला होता. बाकीच्या दमेकऱ्यांत तो इतरांइतकाच होता. अनेक देशांत २०२०मध्ये दम्याच्या झटक्यांसाठी रुग्णालयात येणारेही घटले. मास्क, घरबंदी, कमी झालेले प्रदूषण, इतर विषाणूंची ओसरलेली ये-जा आणि रुग्णालयाची भीती ही कारणे एकमेकांत इतकी मिसळलेली आहेत की सगळे श्रेय मास्कला देणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मास्क हे साथीतले साधन म्हणून आधी कामावरच्या माणसाच्या तोंडावर आले, जनतेच्या नंतर. १९१०च्या अखेरीस मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग पसरला, तेव्हा वू लिएन-ते या डॉक्टरांनी हार्बिन शहरात डॉक्टर, परिचर आणि प्रेते उचलणारे मजूर यांना कापूस घातलेले जाळीच्या कापडाचे पदरी मास्क बांधायला लावले. जेराल्ड मेस्नी या फ्रेंच डॉक्टरांना हे पटले नाही. त्यांनी मास्क न लावता रुग्ण तपासले आणि काही दिवसांतच प्लेगने त्यांचा मृत्यू झाला. पुढे खाणी आणि कारखान्यांतल्या धुळीसाठी घट्ट बसणारे श्वसनरक्षक मास्क तयार झाले आणि त्यांच्याबरोबर कामगाराच्या फुप्फुसांचा विचारही नियमांत आला.

त्या विचाराचे सर्वांत नेमके रूप अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या श्वसनसंरक्षण नियमात सापडते. कामासाठी एन-९५ सक्तीचा असेल तर मालकाने आधी स्वखर्चाने कामगाराची वैद्यकीय चौकशी करायची. तिच्या प्रश्नावलीत दमा आहे का, बंद जागेत भीती वाटते का, हे थेट विचारलेले असते, आणि उत्तरे मालकाने वाचायची नसतात. त्यानंतर मास्क चेहऱ्याला बसतो का याची चाचणी. कामगाराच्या डोक्यावर पारदर्शक टोपडे चढवतात आणि त्यात सॅकरिनच्या पाण्याचा फवारा सोडतात. कामगार मास्क लावून आधी सरळ श्वास घेतो, मग खोल श्वास घेतो, मान डावी-उजवीकडे आणि वर-खाली करतो, मोठ्याने वाचतो, कमरेत वाकतो. मध्येच जिभेला गोड लागले की मास्क गळतो आहे. दुसरा आकार घ्या. दाढी असेल तर चाचणी सुरूच करत नाहीत. वैद्यकीय चौकशीत असा मास्क सोसणार नाही पण हवा पुरवणारा सोसेल असे ठरले, तर मालकाने कमरेच्या पंख्यातून गाळलेली हवा पुरवणारा श्वसनरक्षक द्यायचा. त्यात हवा ओढावी लागत नसल्याने दमेकरी परिचारिकेला तो सोपा जातो. साथीच्या पहिल्या लाटेत मास्कचाच दुष्काळ होता, तेव्हा हे सगळे कागदावर राहिले. तरी प्रश्न ‘लावणार की नाही’ असा न विचारता ‘कोणता लावणार आणि तो कोण देणार’ असा विचारण्याची शिस्त या नियमात आहे.

झडप असलेल्या मास्कमध्ये एक पेच आहे. झडपेमुळे श्वास सहज सोडता येतो, आतली वाफ निघून जाते. दमेकऱ्याला हाच मास्क सर्वांत सुसह्य. पण सोडलेली हवा न गाळताच बाहेर पडते. भारताच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने २० जुलै २०२० रोजी राज्यांना पत्र पाठवून आरोग्य कर्मचाऱ्यांखेरीज इतरांनी झडपेचे एन-९५ वापरण्याविरुद्ध इशारा दिला, त्याचे कारण हेच. धुळीच्या कामापुरता हा मास्क चालतो. विषाणूच्या साथीत तो लावणाऱ्याला वाचवतो, शेजारच्याला वाचवत नाही.

सूट देण्याच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या होत्या. इंग्लंडमध्ये २४ जुलै २०२०पासून दुकानातल्या गिऱ्हाइकांना मास्क सक्तीचा झाला, दुकानातल्या नोकरांना मात्र २४ सप्टेंबरपासून. आजारपणामुळे मास्क लावता येत नाही असे म्हणणाऱ्याला पुरावा दाखवावा लागत नव्हता. दमेकऱ्यांच्या संघटनेलाच तेव्हा सांगावे लागले की बहुतेक दमेकरी मास्क लावू शकतात. अमेरिकेत मालक मास्कची सक्ती करू शकत होता. सूट मागणाऱ्याकडून तो वैद्यकीय कागद मागू शकत होता आणि अपंगत्वाच्या कायद्याखाली त्याने पर्यायी सोय शोधणे अपेक्षित होते : मागच्या खोलीतले काम, घरून काम, वेगळी पाळी.

मुंबई महापालिकेने ८ एप्रिल २०२० रोजी सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला; पुढल्याच आठवड्यात केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी कामाच्या जागाही त्यात आणल्या. पुढे मुंबईत विनामास्क सापडल्यास २०० रुपये दंड होता. महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर २०२०मध्ये मास्कच्या किमतींवर मर्यादा घातली : एन-९५ साधारण १९ ते ४९ रुपये, तीन पदरी ४ रुपये. ज्याला दिवसात दोनदा मास्क बदलावा लागतो, अशा हातावर पोट असलेल्या दमेकऱ्याला या निर्णयाचा उपयोग होता. दुसरीकडे केंद्राच्या आदेशांनी सहव्याधी असलेल्यांना घरी राहायला सांगितले, पण त्या दिवसांचा पगार कोणी द्यायचा हे सांगितले नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व मोजले आहे. दमा त्यात नाही. त्यामुळे ‘मला जोखमीच्या वॉर्डातून हलवा’ असे म्हणणाऱ्या कंत्राटी वॉर्डबॉयला त्या कायद्याचा आधार मिळत नव्हता, मुकादमाच्या मर्जीवर राहावे लागत होते. मास्कची सक्ती राज्याने २ एप्रिल २०२२पासून, म्हणजे गुढीपाडव्याच्या दिवशी उठवली.

सफाई कामगारांच्या बाबतीत मास्कची मर्यादा सर्वांत स्पष्ट होते. साथीत फरशा, कठडे, शौचालये एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटने पुसायचा दंडक होता. एन-९५ कण अडवतो, वायू आणि वाफ अडवत नाही. त्यामुळे हे द्रावण बंद खोलीत फवारले की मास्क असूनही दमेकऱ्याला खोकला आणि धाप लागू शकते. त्यात लवकर निघावे म्हणून संडासाचे ॲसिड मिसळले तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि निरोगी माणसाचीही छाती भरून येते. इथे मास्क बदलून फारसे साधत नाही. फवारण्याऐवजी कापडाने पुसणे, खिडक्या उघडणे, दोन रसायने एकत्र न करणे हे उपाय आधी येतात. वाफ टाळताच येत नसेल तर वायू शोषणारी डबी बसवलेला श्वसनरक्षक लागतो. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारण्याचे प्रकारही झाले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२०च्या सूचनेत त्यांना विरोध केला.

व्यवहारात दमेकरी कामगाराने साथीच्या काळात नेहमीचे औषध अजिबात बंद करू नये, आणि नवा मास्क आधी घरी अर्धा तास लावून, जिना चढून पाहावा. पीक फ्लो मीटर (फुंकरीचा जोर मोजणारे साधन) असेल तर स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांच्या वर फुंकर गेल्यास कामावर जाण्यास हरकत नाही. ५० ते ८० टक्क्यांत असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेप्रमाणे औषध वाढवावे आणि अंगमेहनतीचे काम त्या दिवशी टाळावे. ५०च्या खाली तातडीने रुग्णालय गाठावे. कामावर धाप लागली तर इतरांपासून दूर, मोकळ्या हवेत जाऊन मास्क काढावा आणि स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून) पंप घ्यावा. मास्क वर सरकवून घाईघाईत पंप मारला तर बरेचसे औषध तोंडातच राहते. यंत्राने (नेब्युलायझरने) औषधाची वाफ घेणे साथीत शक्यतो टाळण्याचा सल्ला दिला जात होता, कारण रुग्णाला संसर्ग असल्यास त्या फवाऱ्याबरोबर विषाणू खोलीत पसरण्याची शंका होती. चेहऱ्यापुढची पारदर्शक ढाल मास्कऐवजी चालत नाही. तिच्या खालून आणि बाजूंनी हवा बिनदिक्कत येते-जाते.