साडेतीन गुंठ्यांचा हिशेब : कामोठ्याच्या मोकळ्या जागा आणि त्यांचा इतिहास

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, इतिहास नाही. त्यामुळे तारखांत चुकलो तर आपल्यातल्या इतिहासवाल्यांनी हात वर करावा, तर्कात चुकलो तर मात्र मला घरी गाठून सांगावं. (हशा)

मागच्या महिन्यात आमच्या इमारतीतल्या नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "आजोबा, शाळेत गावाचा इतिहास लिहून आणायला सांगितलाय. पण कामोठ्याला इतिहास कुठे आहे? इथे तर सेक्टर आहेत." मी हसलो खरा, पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. आजचं बोलणं त्या प्रश्नावरच आहे.

एका हिशेबापासून सुरुवात करू. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. ही भातशेतीची, मिठागरांची आणि खाजणाची जमीन. मोबदल्यावरून संघर्ष पेटला. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे १९९० मध्ये साडेबारा टक्के योजना आली. ही योजना आपण सगळे नावानं ओळखतो, पण तिचं गणित फार थोड्यांनी करून पाहिलंय.

करून पाहू. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. या पाच गुंठ्यांतून ३० टक्के, म्हणजे दीड गुंठा, सामाजिक सुविधांसाठी वजा होतो. शेतकऱ्याच्या हातात येतात साडेतीन गुंठे. त्यावर दीड चटई क्षेत्र आणि १५ टक्के व्यापारी वापर. खाली दुकानं आणि वर घरं अशा ज्या असंख्य इमारती कामोठ्यात दिसतात, त्यातल्या बऱ्याच या साडेतीन गुंठ्यांतून उगवलेल्या आहेत.

आणि तो दीड गुंठा? माझं लक्ष तिथेच अडकलं. सार्वजनिक सुविधा 'सिडकोनं दिल्या', आता 'महापालिका देते', असं आपण सहज म्हणतो. पनवेल महापालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ ला. पण सुविधांच्या नावाखाली ही जी कपात झाली, ती कुणाच्या तरी शेतातून झाली. आपण इथे विकत घेऊन राहायला आलेली माणसं, मीही त्यातलाच. बागेतल्या बाकावर बसताना कुणाच्या तरी एकरामागच्या दीड गुंठ्यावर आपण बसलोय, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. याला इतिहास म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आता थोडं मागे जाऊ. नवी मुंबईची कल्पना पहिल्यांदा ठळकपणे मांडली गेली ती कुठे? सरकारी अहवालात नाही, एका कलेच्या नियतकालिकात! मुल्कराज आनंद संपादक असलेल्या 'मार्ग'मध्ये १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे शहर नेण्याचा विचार मांडला. दोन वास्तुशिल्पी, एक अभियंता. पुढे कोरिया सिडकोचे मुख्य वास्तुशिल्पी झाले, पटेलांकडे नियोजन आलं. म्हणजे या शहराचा पाळणा कलेच्या घरात हलला. विचार मोठा होता, मी त्याचा चाहता आहे. तरी एक तक्रार आहे. त्या चित्रात खाडी होती, डोंगर होते, आगगाडी होती. धवलारीण नव्हती. आगरी लग्नात धवला गाऊन विधी चालवणारी ती बाई, तिला मांडव लागतो, मांडवाला अंगण लागतं, आणि अंगण नकाशात कुठल्या रंगात दाखवायचं हे कुठल्याच कार्यालयात ठरलेलं नसतं.

कोरियांना हे कळत नव्हतं असं नाही हं. बेलापूरला त्यांचं कलाग्राम, आर्टिस्ट्स व्हिलेज, १९८०च्या दशकात झालं. सात घरं एका लहान अंगणाभोवती, असे तीन गट मिळून एकवीस घरांचं मोठं अंगण, आणि मग त्याहून मोठं. प्रत्येक घर सुटं, भिंत कुणाची सामाईक नाही, ज्याला जसं जमेल तसं वाढवा. आज जाऊन पाहा, मूळची कितीतरी घरं पाडून लोकांनी मजले चढवलेत. पण अंगणं बरीचशी टिकली! हे मला फार बोलकं वाटतं. घरं ज्याची त्यानं बदलली, अंगण सगळ्यांचं होतं म्हणून एकट्याला मोडता आलं नाही.

नियोजन, कला आणि रस्ता एकत्र आणण्याचा याहून जुना किस्सा मराठी राज्यातलाच आहे. होळकरांचं इंदूर, साल १९१७. पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ तिथे नगररचनेसाठी आले होते, शहरात प्लेगची भीती. (हेच गेडीस पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, आपले घुर्ये त्यांचे विद्यार्थी.) गेडीसनी काय केलं, तर दिवाळीची मिरवणूक मागून घेतली. जे मोहल्ले घरं-गल्ल्या सर्वांत स्वच्छ करतील, त्यांच्यावरून मिरवणूक जाणार. लोक झपाटून कामाला लागले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर, शेवटी दोघांचं दहन, आणि लोकांना तुळशीची रोपं. नोटीस लावून जे झालं नसतं ते सणानं झालं, कारण सण लोकांचा होता. गेडीसनी फक्त त्याचा रस्ता बदलला.

आता पुन्हा कामोठ्यात या. भिंती रंगवण्याची मोहीम आपल्याकडेही झाली. एका भिंतीवर आयफेल टॉवर आहे, शेजारी फ्लेमिंगो. फ्लेमिंगोबद्दल तक्रार नाही, तो खाडीचा पाहुणा आहे. टॉवर कुणाच्या सांगण्यावरून आला, कुणी सांगेना.

मी मात्र त्या मुलीला घेऊन जुन्या गावातल्या एका आजोबांकडे गेलो. ते आमच्याबरोबर चालत आले आणि एका वळणावर थांबून काठीनं दाखवलं, "इथं उघाडी होती." खारबंदिस्तीच्या बांधात भरतीचं पाणी अडवायचं आणि ओहोटीला शेतातलं सोडायचं दार, ती उघाडी. आता तिथे डांबर आहे. आणि जुलैत गुडघाभर पाणी नेमकं तिथेच साचतं! मुलगी म्हणाली, "म्हणजे पाण्याला अजून आठवतंय." भराव टाकला, पण पाण्याचा उतार कुणी मोडला नाही. आपण दरवर्षी नाला साफ झाला नाही म्हणून ओरडतो, ते बरोबरच आहे; पण उघाडी कुठे होती हे नकाशावर असतं, तर त्या वळणावर तळघरात दुकान काढायला कुणी परवानगी मागितली नसती.

त्याच आजोबांनी शेतांची नावं सांगायला सुरुवात केली. सातबाऱ्यावर नंबराबरोबर शेताच्या स्थानिक नावाचाही रकाना असतो, पण नावं राहतात ती माणसांच्या तोंडी. अकरा नावं सांगून ते थकले. "बाकीची माझ्या बहिणीला ठाऊक," म्हणाले. बहीण उरणला दिली आहे, तिचं वय ८४.

म्हणून एक मागणी आहे, महापालिकेकडे नव्हे, आधी आपल्याकडे. पुढच्या वेळी भिंत रंगवायची ठरेल तेव्हा ती जागा भरावाच्या आधी काय होती, हे तिथे लिहावं आणि चितारावं. शेताचं नाव, बांधाची रेघ, उघाडीची जागा. रंग तेवढाच लागतो. होळी पेटते त्या मैदानावर वर्षातून एक संध्याकाळ धवल्यासाठी ठेवावी, म्हणणाऱ्या बायका अजून आहेत तोवर. आणि एखाद्या मोकळ्या भूखंडाचा वापर बदलायची सूचना निघाली की हरकत घेण्याच्या मुदतीत निदान वीस जणांनी जाऊन तो नकाशा पाहावा. मी एकदा गेलो होतो. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "तुमची जमीन गेलीय का?" नाही म्हटल्यावर त्याला मी का आलोय हे समजावायला पंधरा मिनिटं लागली.

बरं, वेळ झाली. जुन्या गावातली आणि जुईकडची मंडळी मागच्या रांगेत बसलेली दिसतायत. आपण चहानंतर थांबावं. त्या मुलीनं वही आणली आहे, बारावं नाव लिहून घ्यायचंय.