अंगणातील किल्ला आणि मेजावरील रणभूमी : लघुसैनिकांचा छंद व मराठवाड्याचे इतिहासभान

प्रस्तावना :

दिवाळीच्या सुटीत अंगणात मातीचा किल्ला उभारणे हा महाराष्ट्रातील मुलांचा जुना छंद आहे. दगड, विटा व गोणपाट यांचा सांगाडा रचून त्यावर माती लिंपली जाते, उतारावर मोहरी किंवा हळीव पेरून हिरवळ आणली जाते आणि शिखरावर सिंहासनाधिष्ठित शिवछत्रपतींची मूर्ती ठेवून पायथ्यापासून माचीपर्यंत मावळे मांडले जातात. युरोपात व अमेरिकेत याच जातकुळीचा आणखी एक छंद रूढ आहे. लहान आकाराचे सैनिक ऐतिहासिक पुराव्याबरहुकूम रंगवायचे आणि त्यांच्या साहाय्याने मेजावर एखादी प्रत्यक्ष घडलेली लढाई नियमानुसार पुन्हा खेळायची, असे त्याचे स्वरूप असते. या दोन परंपरांचा तौलनिक विचार करणे आणि मराठवाड्यातील, विशेषतः अणदूर-नळदुर्ग परिसरातील इतिहास अध्यापनाच्या दृष्टीने त्यांची उपयुक्तता तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

युद्धखेळाची जडणघडण :

युद्धाचे पटावरील रूप भारताला नवे नाही. हत्ती, घोडे, रथ व पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून नाव मिळालेला चतुरंग हा खेळ इसवी सनाच्या सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त उल्लेखिलेला आहे. हाच खेळ इराण व अरब प्रदेशांतून युरोपात पोहोचला आणि त्याचे बुद्धिबळ झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७८० मध्ये, जर्मनीतील ब्रन्सविक येथे हेलविग यांनी बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर नद्या, डोंगर व गावे दाखविली. पुढे प्रशियातील राइसविट्झ पितापुत्रांनी चौकटींचा पटच सोडून दिला. मुलाने १८२४ मध्ये सिद्ध केलेल्या नियमावलीत १ : ८००० प्रमाणाचा नकाशा, फासे आणि निर्णय देणारा पंच यांची योजना होती. प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांनी हा खेळ प्रशिक्षणाचे साधन म्हणून स्वीकारला.

येथे फाशांचे प्रयोजन लक्षात घेणे आवश्यक आहे. बुद्धिबळात प्यादे मारले की मरते. रणांगणावर मात्र प्रत्येक हल्ला यशस्वी होतोच असे नाही. पावसाने भिजलेली दारू, उशिरा पोहोचलेला हुकूम, बिथरलेला घोडा अशा अनिश्चित गोष्टींना फाशांमुळे खेळात स्थान मिळाले. पंचामुळे शत्रूची माहिती खेळाडूपासून राखून ठेवता येऊ लागली. म्हणजेच सेनापतीच्या अपुऱ्या ज्ञानाचाही विचार या खेळात केला गेला.

दुसरा प्रवाह खेळण्यांचा होता. न्यूरेंबर्ग परिसरात कथलाचे चपटे सैनिक तयार होत. इंग्लंडमधील विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने १८९३ मध्ये शिशाचे आतून पोकळ सैनिक बाजारात आणले. पोकळीमुळे धातू कमी लागे, किंमत उतरे आणि मध्यमवर्गीय घरांतही पलटणी उभ्या राहत. हे सैनिक वापरून सामान्य माणसाला खेळता येतील असे नियम प्रसिद्ध कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकातून मांडले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकच्या सैनिकांमुळे छंद अधिक स्वस्त झाला. डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या १९६२ मधील पुस्तकाने त्याला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला.

मराठी परंपरेचे वेगळेपण :

दिवाळीच्या किल्ल्यातील शिवप्रतिमेमागे एकोणिसाव्या शतकातील शिवस्मृतीच्या पुनरुज्जीवनाची पार्श्वभूमी आहे. महात्मा फुले यांचा शिवाजी महाराजांवरील पोवाडा १८६९ मधील. रायगडावरील उत्सवाला लोकमान्य टिळकांनी १८९६ मध्ये चालना दिली आणि न्यायमूर्ती रानडे यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. मातीकाम करणाऱ्या कारागिरांच्या परंपरेचाही या छंदाला आधार मिळाला. पोळ्यासाठी मातीचे बैल घडविणारे हात मावळेही घडवू शकत होते.

तथापि दोन्ही परंपरांत मूलभूत भेद आहे. पाश्चात्त्य छंदात भूमी ही सैनिकांसाठी असते. मराठी छंदात सैनिक हे भूमीसाठी असतात. मुलांचे कष्ट बुरूज, दरवाजे, पायवाटा, तळी व भुयारे यांवर खर्च होतात. मावळे मांडले की काम संपते. लढाई खेळली जात नाही. शत्रूची फौज बहुधा नसतेच. परिणामी हा किल्ला गौरवाचा देखावा ठरतो, पण ‘हा किल्ला कोठून पडू शकेल?’ हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहत नाही. वास्तविक किल्ल्याचे संपूर्ण स्थापत्य याच प्रश्नाचे उत्तर असते.

रंगकाम व पुराव्याची शिस्त :

सैनिक रंगविण्याची पद्धती वरवर पाहता साधी आहे. प्रथम अस्तराचा हात, नंतर मूळ रंग, खाचांमध्ये पातळ गडद रंग आणि उंचवट्यांवर फिकट रंग असा क्रम असतो. २८ मिलिमीटर उंचीच्या आकृतीवर नैसर्गिक प्रकाशछाया उमटत नाही, म्हणून ती रंगानेच दाखवावी लागते. मात्र रंग कोणता, हा प्रश्न इतिहासाचा आहे. बाजारात मिळणारे मावळे साच्यातून निघालेले, एकाच पगडीचे व एकाच रंगाचे असतात. शिवकाळातील पायदळाला आजच्या अर्थाने एकसारखा गणवेश नव्हता. उलट अठराव्या शतकाच्या अखेरीस महादजी शिंदे यांच्यासाठी द बॉइन याने उभारलेल्या कवायती पलटणींना गणवेश होता. एका आकृतीवर भगवी पगडी रंगविण्यापूर्वी विद्यार्थ्याला काळ, प्रदेश व सैन्यप्रकार विचारात घ्यावा लागतो; समकालीन चित्रे व कागदपत्रे यांच्याकडे वळावे लागते. इतिहास संशोधनाची ही पहिली पायरी होय.

असईचे उदाहरण :

मराठवाड्यातील एक लढाई पाश्चात्त्य युद्धखेळ्यांना चांगली परिचित आहे. जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांवर आर्थर वेलस्ली याने हल्ला केला. वेलस्लीजवळ म्हैसूरचे व मित्रपक्षाचे घोडदळ वगळता सुमारे ४,५०० नियमित सैनिक होते. शिंद्यांच्या कवायती पायदळाची संख्या दहा ते अकरा हजारांच्या आसपास होती आणि त्याचे नेतृत्व पोलमन या जर्मन अधिकाऱ्याकडे होते. समोरासमोर नदी ओलांडणे अशक्य होते. मात्र केळणा नदीच्या दोन तीरांवर पिंपळगाव व वरूड ही गावे समोरासमोर असल्याचे वेलस्लीने पाहिले आणि तेथे उतार असलाच पाहिजे असे अनुमान काढले. ते खरे ठरले. पोलमननेही आपल्या पलटणींचे तोंड त्वरेने फिरवून नवी आघाडी उभी केली. पडलेले गोलंदाज इंग्रजी रांगा पुढे गेल्यावर पुन्हा उठून तोफा डागू लागले. इंग्रजांच्या हाती ९८ तोफा लागल्या, पण त्यांचे १,५८४ लोक मृत, जखमी वा बेपत्ता झाले.

एक आकृती म्हणजे वीस सैनिक असे प्रमाण धरल्यास वेलस्लीच्या बाजूला २२५ आकृती मांडाव्या लागतात आणि दिवसअखेर त्यांतील ७९ मेजावरून उचलाव्या लागतात. शिंद्यांच्या पायदळासाठी पाचशेहून अधिक आकृती लागतात. पाठ्यपुस्तकात ‘मराठ्यांचा पराभव झाला’ एवढ्या वाक्यात संपणारी घटना येथे वेगळी दिसते. मराठी पायदळ व तोफखाना दुबळा नव्हता, हे मेजावर मोजता येते. पोलमनने नदीचा उतार आधीच रोखला असता तर काय झाले असते, हा प्रश्न खेळाडूला प्रत्यक्ष हाताळावा लागतो. असा प्रश्न म्हणजे कल्पनाविलास नव्हे. कोणते कारण निर्णायक होते आणि कोणते आनुषंगिक, हे ठरविण्याची ती एक रीत आहे.

नळदुर्ग : अंगणात न आलेला किल्ला :

अणदूर व नळदुर्ग ही गावे खंडोबाच्या यात्रापरंपरेने परस्परांशी जोडलेली आहेत. नळदुर्गचा किल्ला बोरी नदीने वेढलेला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, मीर इमादीन याने नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. बंधाऱ्यामुळे खंदकाचे काम साधले आणि मुख्य किल्ला रणमंडळाशी जोडला गेला. आतील उंच उपळी बुरुजावरून सभोवतालचा मुलूख नजरेत येतो. बहमनी, आदिलशाही, मोगल व निजामी अशा सत्ता या किल्ल्याने पाहिल्या. १८५३ ते १८५७ या काळात मेडोज टेलर येथे इंग्रजी प्रशासक होता.

असे असूनही परिसरातील मुलांच्या अंगणात उभा राहतो तो रायगड किंवा प्रतापगडाच्या धर्तीचा डोंगरी किल्ला. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. शिवचरित्राशी असलेला भावबंध त्यामागे आहे आणि तो आदरणीयच आहे. परंतु त्यामुळे मराठवाड्याचे भुईकोट, म्हणजे नळदुर्ग, परंडा, औसा, उदगीर, कंधार, मुलांच्या इतिहासाबाहेर राहतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जागतिक वारशात समाविष्ट केलेल्या बारा किल्ल्यांतही मराठवाड्यातील एक नाही. त्या यादीचा निकष वेगळा असल्याने हे स्वाभाविक असले, तरी आपल्या किल्ल्यांची ओळख जपण्याची जबाबदारी त्यामुळे स्थानिक शिक्षणसंस्थांवरच अधिक येते. सदाशिवरावभाऊंनी १७६० मध्ये निजामाविरुद्ध जिंकलेली उदगीरची लढाई आणि ११ मार्च १७९५ रोजीची खर्ड्याची लढाई या भुईकोटांच्या मुलखातच झाल्या. हे किल्ले वगळून मराठ्यांचा इतिहासही पूर्ण होत नाही.

आक्षेप व मर्यादा :

युद्धाचा खेळ केल्याने युद्धाचे गांभीर्य कमी होते, असा आक्षेप घेतला जातो. वेल्स यांनी आपल्या पुस्तकाच्या शेवटी नेमका उलट युक्तिवाद केला होता. खेळातील छोटी लढाई खेळून पाहिली की खरी मोठी लढाई किती बेहिशेबी व मूर्खपणाची असते ते कळते, असे त्यांचे मत होते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. खेळाने युद्ध टळत नाही, हे यातून स्पष्ट होते. दुसरी मर्यादा अशी की मेजावर उपासमार, लुटलेली गावे व बाजारबुणग्यांचे हाल दिसत नाहीत. म्हणून अध्यापकाने आकडे मांडताना उचललेली प्रत्येक आकृती म्हणजे वीस माणसे, याची जाणीव करून देणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :

दिवाळीच्या किल्ल्यात भूमीचे ज्ञान आहे, युद्धखेळात कारणमीमांसा आहे. दोहोंचा मेळ घालणे महाविद्यालयीन इतिहास विभागांना अल्प खर्चात शक्य आहे. बोरी नदीचे वळण, बंधारा, पाणीमहाल व रणमंडळ यांसह नळदुर्गची मोजमापानुसार प्रतिकृती विद्यार्थ्यांनी तयार करावी. त्यासाठी त्यांना किल्ल्यावर जाऊन तट मोजावा लागेल, पाण्याची पातळी समजून घ्यावी लागेल आणि वेढा घालणाऱ्याच्या बाजूनेही विचार करावा लागेल. तटाचा कोणता भाग ढासळत आहे, हेही त्याच वेळी त्यांच्या नजरेस येईल. आपला किल्ला ज्या पिढीने स्वतःच्या हातांनी घडविला, ती पिढी त्याच्या जतनाविषयी उदासीन राहण्याची शक्यता कमी आहे.