वॉकर यांचे सहसंबंध आणि हवामानाचे जाळे

१८९९ चा पावसाळा हुकला आणि देशभर दुष्काळ पडला. अशा वर्षाची चाहूल आधी लागू शकेल काय, हा प्रश्न १९०४ मध्ये हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकर यांच्या वाट्यास आला. वॉकर हे केंब्रिजचे गणिती. हवामानशास्त्र त्यांस नवे होते. बहुधा म्हणूनच कारणमीमांसेच्या वादात न शिरता त्यांनी मोजमापांनाच बोलते केले. जगातील दूरदूरच्या ठाण्यांचा वायुभार, तापमान व पाऊस यांच्या जोड्या लावून त्यांनी कारकुनांकडून सहसंबंधगुणक काढून घेतले. ठाणी हे बिंदू आणि मोठे गुणक हे त्यांना जोडणारे धागे, असे ते जाळे होते.

या पद्धतीतील धोका वॉकर यांनीच ओळखला होता. वीस गुणक काढले आणि प्रत्येक केवळ योगायोगाने ठरावीक मर्यादा ओलांडण्याची शक्यता शेकडा ५ असली, तर निदान एक तरी ती ओलांडण्याची शक्यता शेकडा ६४ होते. निवडून काढलेल्या गुणकास म्हणूनच अधिक कडक कसोटी हवी, असे त्यांनी १९१४ मध्ये दाखविले. त्यांच्या पुढील कार्याचा खरा पाया हाच लेख होय. १९२४ पर्यंत त्यांनी प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुभाराच्या उलटसुलट झोक्यास ‘दक्षिणी आंदोलन’ हे नाव दिले.

तथापि, धागा दिसला म्हणून त्याची दिशा कळत नाही. ऋतूंचे अंतर ठेवून तुलना केल्यास ती काही अंशी उमगते. पण येथे उत्तर अनपेक्षित निघाले. मोसमी पावसाचा संबंध आधीच्या घटनांपेक्षा नंतरच्या घटनांशी अधिक घट्ट असल्याचे चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ मध्ये निदर्शनास आणले. ज्याचे भाकीत करावयाचे, तोच इतरांची वर्दी देणारा ठरला! शिवाय दोन ठाणी एकाच तिसऱ्या कारणाने हलत असतील, तर त्यांच्यातील धागा केवळ भासमान असतो. १९६९ मध्ये ब्यर्कनेस यांनी हे आंदोलन विषुववृत्तीय प्रशांत महासागराच्या पृष्ठतापमानाशी जोडले, तेव्हा अनेक धाग्यांमागील सामाईक कारण उघड झाले.

हे जाळे स्थिरही नाही. १९९७ मध्ये प्रबळ एल निन्यो असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झाला. २००२ मध्ये एल निन्यो त्याहून सौम्य असताना तो शेकडा १९ ने घटला. त्या वर्षीचा सोळा घटकांवर आधारलेला अंदाज मात्र सरासरीइतक्या पावसाचा होता. पुढच्याच वर्षी, संबंध क्षीण झालेले घटक त्यातून वगळण्यात आले.