हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता

हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता : हृदयाच्या ठोक्यांची गती किंवा लय बिघडणे, अथवा ठोक्याला चालना देणारा विद्युत् संदेश नेहमीच्या जागेऐवजी भलत्याच ठिकाणी उगम पावणे. वैद्यकात याला ॲरिदमिया म्हणतात. ठोके फार जलद पडतात, फार मंद पडतात, मध्येच एखादा ठोका वेळेआधी येतो किंवा दोन ठोक्यांमधील अंतरात कसलाच मेळ उरत नाही. हा एकच एक रोग नव्हे. चहा-कॉफीच्या अतिरेकाने चुकणाऱ्या निरुपद्रवी ठोक्यापासून काही मिनिटांत प्राण घेणाऱ्या निलय-कंपनापर्यंत अनेक अवस्था या एका नावाखाली येतात. म्हणून उपचार ठरवताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात : बिघाड हृदयाच्या कोणत्या भागात आहे आणि मुळात हृदयाचा स्नायू व झडपा निकोप आहेत की नाहीत.

प्राकृत लय : हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंदे व खालचे दोन म्हणजे निलये. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात, ऊर्ध्व महाशिरेच्या मुखाजवळ, एसए नोड हा विशिष्ट पेशींचा पुंजका असतो. मेंदूकडून आज्ञा न येताही तो स्वतःहून विद्युत् संदेश निर्माण करतो. मज्जातंतू व संप्रेरके त्याची गती फक्त कमी-जास्त करतात. हा संदेश दोन्ही अलिंदांत पसरून अलिंदे व निलये यांच्या सीमेवरील एव्ही नोडपाशी येतो व तेथे सुमारे एक दशांश सेकंद रेंगाळतो. तेवढ्या अवधीत अलिंदांतील रक्त निलयांत उतरते. पुढे हिस जुडगा, त्याच्या डाव्या-उजव्या शाखा आणि पुरकिन्ये तंतू यांमार्फत संदेश निलयांच्या स्नायूंत पोचून ती आकुंचन पावतात.

या मार्गाचा शोध उलट्या क्रमाने लागला. शेवटचे तंतू यान पुरकिन्ये यांनी १८३९ मध्ये वर्णिले, जुडग्याचा शोध विल्हेल्म हिस (धाकटे) यांनी १८९३ मध्ये लावला, एव्ही नोड जपानी शास्त्रज्ञ सुनाओ तावारा यांनी १९०६ मध्ये जर्मनीत काम करताना दाखवून दिला आणि सगळ्याचा उगम असलेला एसए नोड आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये जाहीर केला.

विश्रांतीत असलेल्या प्रौढाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ६० ते १०० पडतात. दिवसभरात ते सुमारे एक लाख भरतात. नियमित सराव असलेल्या धावपटूंत ही गती ४० ते ५० असू शकते. मुले व तरुण यांच्यात श्वास घेताना ठोके किंचित जलद आणि सोडताना मंद होतात. या दोन्ही गोष्टी प्राकृत होत.

बिघाड कसा होतो : एसए नोड किंवा पुढचा मार्ग थकला, झिजला वा त्यावर व्रण पडला, तर लय मंदावते. जलद लयीमागे तीन यंत्रणा असतात. पहिलीत भलत्याच ठिकाणच्या पेशी स्वतःहून संदेश सोडू लागतात. दुसरीत मागील ठोका ओसरत असतानाच पेशीत नवा उद्रेक होतो. तिसरी सर्वांत नेहमी आढळणारी : दोन वेगळ्या वाटांपैकी एकीने गेलेला संदेश दुसरीने परत येतो व त्याच वर्तुळात फिरत राहतो. काहींच्या हृदयात जन्मतःच अलिंद व निलय यांना जोडणारी जादा वाट असते. लुई वुल्फ, जॉन पार्किन्सन व पॉल डडली व्हाइट यांनी १९३० मध्ये अशा ११ रुग्णांची नोंद केली. त्यांच्या नावांवरूनच ही अवस्था डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणून ओळखली जाते.

कारणे : हृद्‌रोहिणीविकार, हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर उरलेला व्रण, दीर्घकाळचा उच्च रक्तदाब, झडपांचे विकार, हृदयाच्या स्नायूंची दुर्बलता, अतिक्रियाशील थायरॉइड, झोपेत श्वास अडखळणे, मद्यपान आणि वार्धक्य ही प्रमुख कारणे होत. जुलाब-उलट्यांमुळे रक्तातील पोटॅशियम घटणे व मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे ते वाढणे, दोन्ही घातक ठरतात. काही प्रतिजैविके व मानसिक आजारांवरील काही औषधे ठोक्यानंतर हृदय पूर्ववत होण्याचा काळ लांबवून लय बिघडवू शकतात.

भारतात संधिवाताच्या तापाने अरुंद झालेली डावी (मायट्रल) झडप हे आजही महत्त्वाचे कारण आहे. अशुद्ध बचनाग पोटात गेल्यास निलयांची लय धोकादायक रीतीने बिघडते. कोकणातील लाल विंचवाच्या दंशानेही शरीरात उत्तेजक संप्रेरकांचा लोंढा येऊन हृदयावर ताण पडतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाची हृदयावरील लक्षणे टिपून प्राझोसिन या औषधाचा उपयोग रूढ केला.

प्रमुख प्रकार : (१) अवेळी ठोके : वेळेआधी येणाऱ्या ठोक्यामागून किंचित लांब विराम पडतो आणि पुढचा ठोका जोरकस येतो. ‘छातीत ठोका चुकला’ असे रुग्ण सांगतो ते बहुधा यामुळे. हृदय निकोप असल्यास त्यांना सहसा उपचार लागत नाहीत.

(२) मंद लय : एसए नोडची दुर्बलता आणि एव्ही नोड वा त्याखालील मार्गात होणारा अवरोध, म्हणजेच ‘हार्ट ब्लॉक’, हे याचे दोन मुख्य प्रकार. रोहिणीत चरबी साठून होणाऱ्या अडथळ्यालाही बोलताना ‘ब्लॉकेज’ म्हणतात. त्याचा या विद्युत् अवरोधाशी घोटाळा होऊ देऊ नये.

(३) निलयांच्या वरून येणारी जलद लय (एसव्हीटी) : संदेश वर्तुळात फिरू लागताच ठोके एकदम मिनिटाला १५० ते २२० होतात आणि थांबतातही एकदम. ही तरुणांतही, विशेषतः स्त्रियांत, आढळते आणि पुष्कळदा ‘भीतीचा झटका’ समजून दुर्लक्षिली जाते.

(४) अलिंद-कंपन (एट्रियल फिब्रिलेशन) : दीर्घकाळ टिकणाऱ्या अनियमिततांपैकी ही सर्वांत जास्त आढळते. अलिंदांत मिनिटाला ३५० ते ६०० विस्कळीत संदेश उठतात. अलिंदे आकुंचन न पावता नुसती थरथरतात. एव्ही नोड त्यांतील काहीच संदेश खाली सोडतो, त्यामुळे नाडी पूर्णपणे बेताल लागते. धडधडीपेक्षा मोठा धोका गुठळीचा असतो. डाव्या अलिंदाच्या कोपऱ्यातील पिशवीत रक्त साचून गुठळी बनते आणि ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. या रुग्णांत पक्षाघाताची शक्यता सुमारे पाचपट असते. अरुंद डाव्या झडपेची जोड असल्यास ती त्याहून पुष्कळ वाढते.

(५) अलिंद-स्फुरण (एट्रियल फ्लटर) : यात संदेश उजव्या अलिंदात मिनिटाला सुमारे ३०० वेळा फिरतो. दर दोहोंतला एक खाली उतरल्यास नाडी १५० च्या आसपास स्थिर राहते.

(६) निलयांतील जलद लय व निलय-कंपन : पहिलीत रक्तदाब कोसळू शकतो. निलय-कंपनात रक्त पुढे ढकललेच जात नाही व काही सेकंदांत शुद्ध हरपते. हृदयाला झटक्याचा जुना व्रण असणाऱ्यांत हा धोका अधिक असतो. हृदय दिसायला निकोप असूनही काही घराण्यांत तो आनुवंशिक असतो. पेद्रो व जोसेप ब्रुगादा या बंधूंनी १९९२ मध्ये वर्णिलेली अवस्था त्यांपैकी एक होय.

लक्षणे व निदान : धडधड, धाप, छातीत दडपण, थकवा, डोळ्यांपुढे अंधारी, चक्कर वा बेशुद्धी ही लक्षणे दिसतात. अनेकांना काहीच जाणवत नाही आणि पक्षाघातानंतरच अलिंद-कंपन उघडकीस येते. श्रम करताना आलेली बेशुद्धी किंवा कुटुंबात तरुणपणी झालेला अचानक मृत्यू या दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात.

निदानाचा कणा म्हणजे ईसीजी, अर्थात हृदयातील विद्युत् संदेशांचा आलेख. नेदरलँड्सचे विलेम आइन्थोव्हेन यांना ईसीजीच्या यंत्रणेच्या शोधाबद्दल १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अडचण अशी, की अनियमितता येऊन-जाऊन असेल तर दवाखान्यातील काही सेकंदांच्या आलेखात ती सापडतेच असे नाही. त्यासाठी २४ ते ४८ तास अंगावर बाळगण्याचा होल्टर मॉनिटर वापरतात. अमेरिकी संशोधक नॉर्मन होल्टर यांनी १९६१ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. क्वचित येणाऱ्या झटक्यांसाठी त्वचेखाली बसवण्याचा नोंदक असतो. मनगटी घड्याळांनी दिलेली सूचना उपयोगी असते, पण निदान पक्के करायला डॉक्टरांनी तपासलेला ईसीजी लागतो. जोडीला इकोकार्डिओग्राफी, थायरॉइड व रक्तातील क्षार तपासतात. बिघाडाची नेमकी जागा शोधायची असल्यास जांघेतील शिरेतून तारा घालून हृदयातूनच विद्युत् नोंद घेतात. तिला ईपी स्टडी म्हणतात.

उपचारांचे सूत्र : आलेखातील बिघाड पुसला म्हणजे रुग्णाचा धोका टळला, असे होत नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अवेळी ठोके दाबणारी औषधे द्यावीत, असा एकेकाळी प्रघात होता. ‘कास्ट’ या अमेरिकी चाचणीत एन्केनाइड व फ्लेकेनाइड यांनी ठोके खरोखर दाबले. मात्र औषध घेणाऱ्यांतच मृत्यू अधिक झाल्याचे १९८९ मध्ये दिसून आले. तेव्हापासून त्रास कमी करणे, गुठळी रोखणे व आकस्मिक मृत्यू टाळणे ही उद्दिष्टे वेगवेगळी धरून उपचार ठरवतात.

औषधे : विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये डिजिटॅलिस वनस्पतीचे गुण प्रसिद्ध केले. तीपासून मिळणारे डिजॉक्सिन आजही नाडीची गती आवरण्यास वापरतात. मात्र उपकारक व विषारी मात्रेत अंतर थोडे असते. क्विनिडीनचा उपयोग एका रुग्णामुळे कळला. मलेरियासाठीच्या क्विनीनने आपली बेताल नाडी ताळ्यावर येते, असे एका डच व्यापाऱ्याने कारेल वेंकेबाख यांना करून दाखवले. वेंकेबाख यांनी ते १९१४ मध्ये नोंदवले आणि क्विनीनचेच भावंड असलेले क्विनिडीन अधिक प्रभावी असल्याचे वॉल्टर फ्राय यांनी १९१८ मध्ये दाखवले. सध्या बीटा ब्लॉकर, व्हेरापामिल व डिल्टियाझेम गती कमी करण्यास वापरतात. अमियोडॅरोन लय टिकवण्यात प्रभावी आहे. त्यात आयोडीन पुष्कळ असल्याने थायरॉइडची, तसेच यकृत व फुप्फुसांची नियमित तपासणी करावी लागते.

एसव्हीटीच्या झटक्यात प्रथम श्वास कोंडून कुंथण्याची युक्ती करतात. कुंथल्यावर लगेच उताणे झोपवून पाय वर उचलल्यास यश वाढते, असे २०१५ च्या ‘रिव्हर्ट’ चाचणीत आढळले : जुन्या पद्धतीने १७ टक्के, तर नव्या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांची लय पूर्ववत झाली. एवढ्याने न भागल्यास शिरेतून ॲडिनोसिन देतात.

गुठळी-प्रतिबंध : अलिंद-कंपनात वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची दुर्बलता व पूर्वीचा पक्षाघात यांचे गुण मांडून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांची गरज ठरवतात. या कामी ॲस्पिरिन पुरेसे नाही. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमरॉल घेताना आयएनआर (रक्त गोठण्याचा निर्देशांक) तपासून तो सहसा २ ते ३ मध्ये ठेवतात. पालक, मेथी, कोथिंबीर यांतील के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम घटतो. भाज्या सोडू नयेत, पण त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे असावे. डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्सबॅन, अपिक्सबॅन या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही. मात्र संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्या रुग्णांत जुनीच औषधे श्रेयस्कर असल्याचे २०२२ च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत दिसले. भारतातील रुग्णांच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा आहे. दात काढणे वा शस्त्रक्रिया असली तरी ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये.

शॉक : लय पूर्ववत करण्यासाठी रुग्णाला गुंगी देऊन, ठोक्याशी वेळ जुळवून छातीवर विद्युत् झटका देतात. बर्नार्ड लाउन यांनी १९६२ मध्ये ही पद्धत रूढ केली. अलिंद-कंपन ४८ तासांहून जुने असल्यास आधी किमान तीन आठवडे रक्त पातळ ठेवतात किंवा अन्ननलिकेतून इको करून गुठळी नसल्याची खात्री करतात. शॉकनंतरही गोळी निदान चार आठवडे चालू ठेवावी लागते.

ॲब्लेशन : शिरेतून तार नेऊन संदेशाची चुकीची वाट उष्णतेने वा अतिशीत करून कायमची निकामी करतात. एसव्हीटीच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण यामुळे बरे होतात. एव्ही नोडला इजा होऊन पेसमेकर लागण्याचा धोका सुमारे एक टक्का असतो. अलिंद-कंपनाची ठिणगी बहुधा फुप्फुसशिरांच्या मुखांतून पडते, हे फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल आयसागेर व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले. तेव्हापासून त्या शिरांची मुखे विद्युत्‌दृष्ट्या अलग करणे हा या विकारावरील मुख्य ॲब्लेशन उपचार झाला. यात एसव्हीटीइतकी खात्री नसते व काहींना ते पुन्हा करावे लागते.

बसवण्याची उपकरणे : संपूर्ण हार्ट ब्लॉकवर पेसमेकर हाच उपाय. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर रूने एल्मक्विस्ट यांनी तयार केला व शल्यविशारद ऑके सेनिंग यांनी ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन यांना बसवला. तो काही तासांतच बंद पडला. तरीही एकामागून एक असे एकूण २६ पेसमेकर वापरून लार्सन २००१ पर्यंत जगले. आजचे उपकरण साधारण आठ ते बारा वर्षे चालते. मोबाइल फोन वापरता येतो. तो त्या बाजूच्या वरच्या खिशात मात्र ठेवू नये.

निलय-कंपनाचा धोका असलेल्यांना आयसीडी बसवतात. ते लय सतत तपासते व गरज पडताच आतून शॉक देते. मिशेल मिरोव्स्की व सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून पहिले आयसीडी ४ फेब्रुवारी १९८० रोजी बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बसवण्यात आले.

तातडीची मदत : कोणी अचानक कोसळून प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन करून लगेच छातीच्या मध्यभागी दाब द्यावा. दाब मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल असावा. जवळ एईडी (बाहेरून शॉक देणारे स्वयंचलित यंत्र) असल्यास ते लावून त्याच्या सूचना पाळाव्यात. मदतीविना जाणाऱ्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. धडधडीबरोबर छातीत दुखणे, बेशुद्धी किंवा धाप असल्यास रुग्णालय गाठावे.

प्रतिबंध : रक्तदाब, मधुमेह व वजन आटोक्यात ठेवणे आणि झोपेतील श्वासाच्या अडथळ्यावर उपचार करणे यांमुळे अलिंद-कंपन टाळता वा लांबवता येते. नियमित मद्यपान करणाऱ्या रुग्णांनी ते सोडल्यास झटके कमी होतात, हे ऑस्ट्रेलियातील २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. लहान मुलांच्या जंतुजन्य घसादुखीवर वेळीच पेनिसिलिन दिल्यास संधिवाताचा ताप व त्यापायी बिघडणारी झडप टळू शकते. ज्यांना तो ताप येऊन गेला आहे त्यांनी पेनिसिलिनची इंजेक्शने, बरे वाटत असले तरी, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवावीत.