डेरिंजर पिस्तूल

डेरिंजर हे कोटाच्या खिशात मावणारे, आखूड नळीचे लहान पिस्तूल होय. १९व्या शतकात अमेरिकेत ते स्वसंरक्षणासाठी जवळ बाळगले जाई. फिलाडेल्फिया येथील बंदूक-कारागीर हेन्री डेरिंजर (१७८६–१८६८) यांच्या नावावरून त्यास हे नाव मिळाले.

रचना

डेरिंजर यांचे मूळ पिस्तूल ठासणीचे व एकबारी होते. दारू आणि शिशाची गोळी नळीच्या तोंडातून ठासावी लागे. चाप ओढताच घोडा तांब्याच्या छोट्या टोपीवर आदळे व तिच्यातील स्फोटक पेटून बार उडे. गोळीचा व्यास बहुधा ०.४१ इंच (सुमारे १० मिमी) असे. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा असे. इतक्या आखूड नळीतून दूरचा नेम साधणे कठीण. हे शस्त्र खोलीभर अंतरापुरतेच. एक बार झाल्यावर ऐन प्रसंगी पुन्हा ठासण्यास सवड मिळत नसे. म्हणूनच ही पिस्तुले बहुधा जोडीने विकली जात.

नावाचा वाद

मागणी वाढताच इतर कारागिरांनी नकला केल्या. काहींनी तर डेरिंजर यांचाच ठसा उमटवला. याविरुद्धच्या दाव्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६५ मध्ये डेरिंजर यांच्या बाजूने निर्णय दिला. तरीही नाव त्यांच्या हातून निसटलेच. मूळ आडनावाच्या इंग्रजी वर्णलेखनात एकच ‘आर’ आहे. दोन ‘आर’ असलेले रूप मात्र कोणत्याही लहान पिस्तुलासाठी सामान्यनाम म्हणून रूढ झाले.

लिंकन यांची हत्या

१४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड्‌स नाट्यगृहात अभिनेता जॉन विल्क्स बूथ याने राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर पाठीमागून अगदी जवळून गोळी झाडली. शस्त्र होते डेरिंजर. ते एकबारी असल्याने, मेजर हेन्री रॅथबोन अंगावर धावून येताच बूथला सुरा उपसावा लागला. रॅथबोन जखमी झाले, बूथ निसटला. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंकन यांचे निधन झाले. सुमारे १५ सेंमी लांबीचे ते पिस्तूल त्याच नाट्यगृहाच्या संग्रहालयात आहे.

नंतरचे प्रकार

धातूची काडतुसे आल्यावर ठासणीचे पिस्तूल मागे पडले. रेमिंग्टन कंपनीने १८६६ पासून एकावर एक दोन नळ्या असलेले डेरिंजर बनवले. त्याचे उत्पादन १९३५ पर्यंत चालू होते.